पणजीचं नाव काय?

गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावस्येची गोष्ट. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर, नर्मदेकडे तोंड करून, बोटात दर्भाचं पवित्रक घालून मी बसलो होतो. गुरुजी घाईत होते. मागे आणखी चार यजमान ताटकळत उभे. वडील, आजोबा, पणजोबा अशी नावं मी धडाधड सांगितली. मग आई झाली, आजी झाली. गुरुजींनी पळी वर धरली आणि विचारलं, ‘‘पणजीचं नाव?’’

मी गप्प. तसा मी बोलघेवडा माणूस. या सदराचे जुने वाचक ते जाणतातच. पण त्या दिवशी दातखीळ बसली. आजोबांच्या आईचं नाव मला ठाऊक नव्हतं. आजोबा तिचा उल्लेख नेहमी ‘बाई’ असा करायचे. ‘बाई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो,’ हे एवढं एकच वाक्य. सावत्र पणजीचं नाव मला माहीत होतं, कारण तिनेच आजोबांना वाढवलं. क्षणभर वाटलं, तेच सांगून मोकळं व्हावं. पण पाण्यापाशी बसून खोटं बोलवेना. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, ‘‘बरं, नुसतं प्रपितामही म्हणतो,’’ म्हणाले आणि पुढे सरकले. पाणी सुटलं, ते कुणाच्या नावाने सुटलं ते त्या नर्मदामाईलाच ठाऊक.

घरी आल्यावर नागपूरला आत्याला फोन लावला. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, पण स्मरण लखलखीत. ती म्हणाली, ‘‘दादांकडे नावांचा एक कागद होता. पक्षाच्या वेळी तो काढायचे. तुझ्या बापाने कधी तर्पण केलं नाही, त्यामुळे अधारतालच्या घरात सामान हलवलं तेव्हा तो कागद कुठे गेला, कुणाला पत्ता नाही. आम्ही आपलं बाईच म्हणायचो रे.’’

वाचकहो, आता तुम्हीच एकदा करून पाहा. वडिलांच्या वडिलांचं नाव सगळ्यांना येतं. त्यांच्या वडिलांचंही बहुतेकांना येतं, कारण ते सातबाऱ्यावर असतं, घराच्या खटल्यात असतं, नाहीतर कुणा भावाच्या नावात पुन्हा आलेलं असतं. पण पणजोबांच्या बायकोचं? आणि तिचं माहेरचं नाव? मी आमच्या कॉलनीत दहा-बारा जणांना विचारलं. उत्तर देणारा एकच निघाला, तोही अडखळत.

हे सगळं मी शेजारच्या प्राध्यापकमहाशयांना सांगितलं. हे गृहस्थ आमच्या अधारतालच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. गव्हाच्या वाणांवर आयुष्य घालवलं. त्यांची लेक इंग्लंडमध्ये एका खेड्यात राहते. तिच्याकडे तीन महिने राहून ते नुकतेच परतले होते. तिकडे दिवसभर करायचं काय, म्हणून गावातल्या चर्चकडे फेरी मारायचे. तिथून त्यांनी एक पुस्तिका विकत आणली होती. गावातल्याच हौशी मंडळींनी चर्चच्या जुन्या वह्या उतरवून काढून ती तयार केलेली. ती माझ्यापुढे आपटत ते म्हणाले, ‘‘अहो, चारशे वर्षांपूर्वीच्या लोहाराच्या पोरीचं नाव त्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हाला सख्ख्या पणजीचं नाही!’’

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. रात्री ती पुस्तिका वाचून काढली, आणि मग त्या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेलो.

इंग्लंडात पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, किंवा गावाचा भाग. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने एक वही ठेवायची आणि बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दर रविवारी तिच्यात करायची. वही पेटीत ठेवायची आणि पेटीला दोन कुलपं. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावच्या कारभाऱ्यांकडे. म्हणजे एकट्याला वहीत खाडाखोड करता येऊ नये! लोकांना वाटलं, ही नव्या कराची तयारी आहे. आता जन्मावर कर, लग्नावर कर, मरणावरही कर. कुरकुर झाली, तरीही वह्या सुरू झाल्या. पुढे १५९८ साली असं ठरलं, की साध्या कागदावरच्या जुन्या नोंदी चामड्याच्या टिकाऊ पानांवर उतरवायच्या आणि दर वर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची. गावातली वही जळाली किंवा उंदरांनी खाल्ली, तरी बिशपकडची नक्कल शाबूत राहावी, ही त्यातली दूरदृष्टी. आपल्याकडे झेरॉक्स आल्यावरही ही अक्कल सगळीकडे पोचलेली नाही, असो.

अशा वह्यांमधून काय काय निघतं! डर्बीशायरमध्ये ईम नावाचं एक खेडं आहे. १६६५ साली तिथे प्लेग शिरला. रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून विल्यम माँपेसन या पाद्र्याच्या सांगण्यावरून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं. चौदा महिन्यांत दोनशे साठ माणसं गेली असं तिथे सांगतात. त्यातल्या हॅनकॉक कुटुंबाची सात माणसं ऑगस्ट १६६६ मधल्या अवघ्या आठ दिवसांत गेली. नवरा आणि सहा मुलं. त्या सगळ्यांना मूठमाती दिली ती एकट्या आईने. तिचं नाव एलिझाबेथ. साडेतीनशे वर्षांनंतर जबलपुरात बसलेल्या मला ते माहीत आहे.

असल्या वह्यांवरूनच इंग्लंडच्या लोकसंख्येचा सारा इतिहास लिहिला गेला. केंब्रिजमध्ये १९६४ साली यासाठी एक अभ्यासगट निघाला. गंमत म्हणजे आमचं कृषी विद्यापीठही त्याच सालचं. या गटाने ४०४ पॅरिशच्या वह्यांतले आकडे गोळा केले. आकडे उतरवून देणारे बहुतेक गावोगावचे हौशी लोक होते. शाळामास्तर, गृहिणी, निवृत्त कारकून. त्यावरून रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी १९८१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कुठल्या शतकात मुली कितव्या वर्षी लग्न करीत, महागाईच्या वर्षी लग्नं किती घटत, हे सगळं त्यात आहे. आणि हे सगळं आलं ते लोहाराच्या पोरीच्या एका ओळीच्या नोंदीतून.

म्हणजे त्यांचं सगळं छान आणि आपलं सगळं वाईट, असं समजू नका. पुस्तिकेत एक गोष्ट मला खटकली. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींत बापाचं नाव आहे, आईचं पुष्कळदा नाहीच. लग्नाच्या नोंदीत वधूचं माहेरचं नाव येतं, त्यामुळे तिचा माग लागतो हे खरं. पण १८३७ साली सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा लग्नाच्या रजिस्टरात वधू-वर दोघांच्या फक्त बापांचं नाव लिहायचं ठरलं. इंग्लंड-वेल्समध्ये तिथे आईचं नाव आलं ते मे २०२१ मध्ये. एकविसाव्या शतकाची वीस वर्षं उलटून गेल्यावर! प्राध्यापकमहाशयांना हे ऐकवलं तेव्हा जरा बरं वाटलं.

पण बरं वाटून पणजीचं नाव थोडंच मिळणार होतं! आपल्याकडे अशी वही कुठे असेल, याचा मी विचार करू लागलो.

मी राहतो तो भाग म्हणजे अधारताल. तलावावरून वस्तीचं नाव पडलं आणि तलावाला नाव मिळालं ते राणी दुर्गावतीचा मंत्री अधार कायस्थ याचं. हा अधार दंतकथेतला नव्हे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लने राणीचा कारभार पाहणाऱ्यांत त्याचं नाव लिहून ठेवलं आहे. १५६४ च्या जूनमध्ये राणी मोगलांशी लढताना गेली. इथे लोक सांगतात, की राणीने तलाव खोदला तो राणीताल, दिवाणाने खोदला तो अधारताल आणि राणीच्या दासीने खोदला तो चेरीताल. चेरी म्हणजे दासी. राणीतालात आज स्टेडियम आहे, चेरीताल ही भरवस्ती आहे. आमच्या तलावात अजून पाणी आहे, पण भोवती घरं दाटली आहेत. रोज सकाळी फिरताना मी या तीन नावांचा विचार करू लागलो. दिवाणाचं नाव तलावाला चिकटलं. दासीचा मात्र हुद्दाच चिकटला. कुणी तिला रामचेरी म्हणतात, पण तेही नाव म्हणायचं की चाकरी?

वंशावळ म्हणाल तर आमच्या भागात चांगली दगडात कोरलेली आहे. मंडल्याजवळ रामनगरला गोंड राजा हृदयशाहाचा १६६७ सालचा संस्कृत शिलालेख आहे. त्यात यादवरायापासून राजांची पन्नासच्या आसपास नावं ओळीने दिली आहेत. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन जबलपुरात असताना त्याने यावरूनच गढामंडल्याच्या राजांचा इतिहास १८३७ साली छापला. इतिहासकार म्हणतात, की या यादीतली सुरुवातीची बरीच नावं भरतीची आहेत. राजाला पूर्वज जितके जास्त तितकी त्याची शान मोठी. राजाच्या पणजोबाच्या पणजोबालाही नाव मिळतं, नसेल तर कवी ते करून देतो. प्रजेला असा कवी कुठून मिळणार?

प्रजेची नोंद ठेवणारा होता तो गावचा कोटवार. आमच्या मध्य प्रांतात कोटवार, महाराष्ट्रात कोतवाल. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं, की हा माणूस ते ध्यानात ठेवायचा आणि ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचा. पुष्कळदा त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नसे. त्याच्याजवळच्या वहीत दुसरंच कुणी लिहून देई. महाराष्ट्रात हीच ‘कोतवाल बुकाची नक्कल’ म्हणून ओळखली जाते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरायचं नाही. पण त्या निमित्ताने गावोगावची माणसं आपल्या खापरपणजोबांचं नाव शोधायला तहसील कचेऱ्यांत गेली, मोडी वाचणाऱ्यांचे भाव वधारले, माळ्यावरची गाठोडी खाली आली. पॅरिशची वही आपल्याकडे नव्हती असं नाही. ती कोतवालाच्या काखेत होती. आपण तिला कधी ती किंमत दिली नाही, एवढंच.

आणि तो कोटवार कोण? बहुतेक ठिकाणी तथाकथित खालच्या जातीतला. साऱ्या गावाचे जन्म-मृत्यू ज्याच्या जिभेवर, त्यालाच गावातल्या कित्येक घरांचा उंबरठा ओलांडायची बंदी. त्याने घरातल्या बायकांची नावं कुठून सांगावी? हे मला आधी सुचलं नव्हतं. नंतर कळलं, ते कसं ते सांगतो.

आमचे पणजोबा जबलपूर जिल्ह्यात, पनागरच्या पुढच्या एका खेड्यात, मालगुजाराकडे दिवाणजी होते. आमच्यासारखी मराठी घरं इकडे आली ती वेगवेगळ्या लाटांनी. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंड राजाचं राज्य घेतलं. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतलं. राज्यं बदलली, पण हिशेब ठेवणारा कुणालाही लागतोच. पणजोबा तसे हिशेबी गृहस्थ होते. मालगुजाराच्या गाईंचीसुद्धा मोडीत यादी केलेली त्यांची वही आमच्या घरात आहे. गाईंची नावं आहेत हो तीत, चक्क नावं!

ओळखीपाळखीने मी एका कचेरीच्या जुन्या दप्तरखान्यात पोचलो. तिथले बाबू सज्जन होते, पण त्यांना कोडं पडलं. ‘‘केस कौन सा है, बाबूजी?’’ म्हटलं, केस नाही. ‘‘जमीन का मामला?’’ म्हटलं, जमीनही नाही, पणजीचं नाव हवंय. ते माझ्याकडे बघत राहिले. मग चहा मागवला. मग उठले आणि स्वतः शिडी लावून वर चढले.

दोन खेपा फुकट गेल्या. जी सालं हवीत तीच नाहीत, असली तर गाव दुसरंच. तिसऱ्या खेपेला एक रजिस्टर निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या. साल १९१८. आजोबांचा जन्म १९१४ चा. ‘बाई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो.’ हिशेब जुळत होता.

१९१८ म्हणजे इन्फ्लुएन्झाचं वर्ष. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असा अंदाज आहे. सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रांतांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड. पावसाळा संपला आणि दोन-तीन महिन्यांत गावंच्या गावं आडवी झाली. कोटवारही मेले, लिहिणारेही मेले, नोंदणीची घडीच विस्कटली. त्या रजिस्टरात उन्हाळ्यातल्या नोंदी सुबक आहेत. कारणाच्या रकान्यात कुठे हैजा, कुठे साप, कुठे बुढापा. मग एका पानापासून अक्षर धावायला लागतं. बुखार. बुखार. त्याच्या खाली नुसत्या दोन रेघा, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. पानभर दोन रेघा. मला ईमची वही आठवली.

त्यातच एका ओळीवर बाबूंचं बोट थांबलं. गाव बरोबर. जात ‘दक्खिनी ब्राह्मण’. त्या खेड्यात असं घर एकच. वय २०. कारण, दोन रेघा. आणि नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दिवानजी की औरत’.

बाबू म्हणाले, ‘‘मिल गया न?’’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी माझ्यासाठी शिडीवर तीनदा चढउतर केली होती. बाहेर येऊन स्कूटरवर बसलो, पण किक मारवेना. वीस वर्षांची मुलगी. चार वर्षांचं पोर मागे ठेवून गेली आणि उरली ती ‘दिवानजी की औरत’. कोटवाराचा यात दोष नव्हता. त्याला कुणी नाव सांगितलंच नसणार, आणि विचारायची त्याची प्राज्ञा नव्हती. दोष असलाच तर आमच्या घरच्या उंबरठ्याचा.

एक गोष्ट त्या दिवशी फार लागली. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या अमलात इथल्या गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, दफनांच्या नोंदींच्या नकला नेमाने विलायतेला धाडल्या जात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. म्हणजे जबलपूरच्या छावणीत जन्मलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाच्या मुलीचं नाव लंडनमध्ये बसून शोधता येतं. पनागरपलीकडच्या बाईचं नाव अधारतालात बसून मिळत नाही. आपल्याच देशात गोव्याला चर्चच्या जुन्या वह्या आहेत, पणजीच्या पुराभिलेखागारातही त्यातल्या काही आहेत. तिथल्या घरांना हा शोध इतका अवघड जात नसावा.

मग वळलो तीर्थोपाध्यांकडे. आपल्याकडची ही मोठी दौलत. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, हरिद्वारला, प्रयागला उपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. लांबोडक्या वह्या, गावावरून आणि आडनावावरून लावलेल्या. यात्रेकरू आला, की त्याने स्वतःच्या हाताने लेख लिहायचा. मी अमुक, वडील अमुक, आजे अमुक, भाऊ अमुक, मुलगे अमुक, आमच्या वंशजांनी याच उपाध्यांना मानावं. हरिद्वारच्या वह्यांचं मोल अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने ओळखलं आणि १९७७ पासून त्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे तर हेळवी आहेत. बैलावर बसून सुगीला दारात येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात, नवं मूल जन्मलं असेल तर टिपून घेतात आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जातात. म्हणजे आपल्या दारात चालत येणारं रेकॉर्ड ऑफिस.

नाशिकला आमच्या घराण्याचे उपाध्ये सापडायला वेळ लागला नाही. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं, की पाऊण तासात वही पुढे आली. पणजोबांचं अक्षर मी लगेच ओळखलं. गाईंच्या यादीतलंच ते, ‘र’ला शेपूट काढणारं. पहिली बायको गेल्यावर दोन वर्षांनी ते नाशिकला आले होते. बहुधा तिच्याच कार्यासाठी. लेखात त्यांचे वडील होते, आजे होते, दोन भाऊ होते, सहा वर्षांचे माझे आजोबा होते. आणि अगदी शेवटी, नव्याने लग्न झालेल्या दुसऱ्या बायकोचं नाव. पहिलीचं नाही. लेख जिवंत माणसांचा आणि पुरुष पूर्वजांचा असतो. ती दोन्हींत बसत नव्हती.

तिथे मी शोध सोडला. सौ. म्हणाली, ‘‘नाशिकपर्यंत आलोच आहोत तर निदान द्राक्षं घेऊ.’’ द्राक्षं घेतली आणि परत आलो.

आता जरा आपल्या एका रीतीबद्दल. मुलीचं आडनाव बदलतं, हे जगात पुष्कळ ठिकाणी आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. हौसेचा कार्यक्रम, हसणं-खिदळणं, पेढे. मीही लिहिलं होतं. पण वंशावळ शोधायला बसलं, की कळतं त्या तांदळांनी काय केलं. बापाच्या गावच्या वहीत एक मुलगी जन्मते आणि कुठेच जात नाही. नवऱ्याच्या गावच्या वहीत एक बाई येते, ती कुठून आली ते कळत नाही. दोघी एकच, हे सांगणारी माणसं गेली, की दुवा तुटला. कोकणस्थांच्या, देशस्थांच्या छापील कुलवृत्तांतांनी यावर थोडा इलाज केला. तिथे बायकोचं माहेर बहुधा दिलेलं असतं. पण कुलवृत्तांत निघतो तो शिकल्यासवरल्या घराण्यांचा. आणि जी वर्गणी देत नाही ती शाखा ‘माहिती उपलब्ध नाही’मध्ये जाते. आम्ही जबलपूरकर तिथेच आहोत. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहिण्याची सक्ती केली. चांगलं झालं. आमच्या पणजीला त्याचा उपयोग नाही, पण नातीच्या नातीला होईल.

यंदाच्या गौरी-गणपतीच्या आधी आत्याचा फोन आला. एरवी ती दुपारी कधी करत नाही, म्हणून मी दचकलोच. म्हणाली, ‘‘अरे, घंगाळ घासायला काढलं होतं.’’

हे घंगाळ म्हणजे आजोबांनी आत्याला लग्नात दिलेलं पितळी धूड. आंघोळीचं पाणी काढायचं जुनं भांडं. नागपूरला गिझर आल्यापासून ते माळ्यावर गोधड्या पोटात घेऊन पडलं होतं. यंदा सुनेला हौस आली, की गौरीपुढे जुनी भांडी मांडायची. चिंच लावून दोघी सासवा-सुना घासत बसल्या आणि काठाखाली ठिपके दिसायला लागले. त्या काळी भांड्यावर नाव घालायचं ते छिन्नीने, एकेक ठिपका ठोकून. काळपटपणा निघाला तशी अक्षरं वर आली. आत्याने फोनवरच वाचून दाखवली. ‘चि. सौ. कां.’, मग नाव, मग ‘हिस मामाकडून’, आणि शेवटी ‘शके १८३२’.

शके १८३२ म्हणजे १९१०-११. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची असणार. नाव पाळण्यातलं होतं, तांदळात बदलण्याच्या आधीचं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी फक्त लग्नाच्या आधीच म्हणतात ना!

आत्या रडत होती. ‘‘साठ वर्षं त्या घंगाळात मी पाणी काढलं रे. पोरांना त्यात बसवून न्हाऊ घातलं.’’ तिला पुढे बोलवेना.

हे मी लिहायला घेतलं तेव्हा तिला विचारलं, की नाव छापू का? ती म्हणाली, मुळीच नाही. ‘‘इतकी वर्षं ती घरात होती, आता बाजारात कशाला?’’ मी खूप वाद घातला. नाव नाही म्हणून एवढा लेख लिहायचा आणि सापडलेलं नाव दडवायचं, हे काय आहे? पण आत्यापुढे माझ्या बापाचंही कधी चाललं नाही. तेव्हा वाचकहो, क्षमा करा.

तुमच्याकडे मात्र बघा. माळ्यावरची भांडी उलटी करून बघा, कळशीचा गळा, परातीचा काठ, हंड्याची बूड. भांडी मोडीत घालण्यापूर्वी तर नक्कीच. ट्रंकेत जन्मपत्रिकेची गुंडाळी असेल तर ती उलगडा. पत्रिकेत पाळण्यातलं नाव असतं आणि मुलींच्या पत्रिका सासरी आलेल्या असतात. जुन्या फोटोच्या पाठीमागे बघा. आजी शाळेत गेली असेल तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात तिचं माहेरचं नाव असणारच. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर हे सगळं सोडा आणि आधी त्यांच्याजवळ वही-पेन घेऊन बसा.

यंदाच्या अमावस्येला पुन्हा ग्वारीघाटावर गेलो. नात बरोबर होती. गुरुजी तेच, घाईही तीच. ‘‘पणजीचं नाव?’’ मी सांगितलं, आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की हे माहेरचं आहे, सासरचं सापडलं नाही. सासरच्या नावानेच करायचं असतं म्हणतात, तेव्हा चालेल का?

गुरुजींनी क्षणभर विचार केला. ‘‘नाव तिचंच ना?’’

‘‘तिचंच.’’

‘‘मग ओळखेल ती,’’ म्हणाले आणि पळी उचलली. परत फिरताना त्यांनी ते नाव मला पुन्हा विचारलं आणि आपल्या खिशातल्या वहीत लिहून घेतलं. नातीने वाकून पाहिलं आणि वेलांटी चुकली होती ती त्यांना दुरुस्त करायला लावली.